चालू स्थितीत

पाचाची शेपटी आणि सहाचं डोकं एकाच चौकोनी खिडकीत... शेवटचा पांढरा आकडा असा मधेच थांबलेला बघून तिला वाटलं, अडकलाय. बंद पडलेल्या यंत्रांचे आकडे असेच कुठेतरी मधे अडकतात, मेलेल्या माणसाच्या उघड्या तोंडासारखे. जुनी यंत्रं विकत घेताना ट्रान्समीटरच्या कपाळावरचं हे तासांचं मीटर ती सगळ्यात आधी बघते, कारण आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या, व्हॉल्व्ह, म्हणजे काचेतलं आयुष्य. किती जळलं यावर किती उरलं ते ठरतं, आणि किती उरलं यावर भाव. विकणारे एकजात खोटं बोलतात—“फक्त रविवारी लावायचो हो.” मीटर खोटं बोलत नाही. तिने आकडा टिपायला पेन काढलं, खाली बघितलं, वर बघितलं.

पाचाची शेपटी गेली होती. सहा पूर्ण वर आला होता.

रेडिओ स्टेशन बंद पडून वर्षं झाली होती.

तिने लोखंडी कपाटाच्या दाराला हाताची मागची बाजू लावली—पुढची कधीच नाही, झटका बसला तर मूठ वळते आणि माणूस चिकटतो, हे बाबांनी शिकवलेलं. बाबांनी शिकवलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक. बाकी सगळं त्यांनी, इथले निवेदक म्हणून, श्रोत्यांना शिकवलं. पत्रा ऊबदार होता. झोपेतून उठवलेल्या माणसाच्या पाठीसारखा.

“अगं पोरी, तू उद्या येणार होतीस ना?”

फ्यूजकाका दारात उभे होते. स्टेशन होतं तेव्हा हे फ्यूज बदलायचे, आता नुसत्या चाव्या सांभाळतात. चेहरा असा, की चोरी पकडली गेली पण मुद्देमाल कुठला ते चोरालाच आठवेना.

“आजच वेळ मिळाला. काका, हे गरम का आहे?”

“ओलावा गं. काचा खराब होतात. म्हणून तारा जरा तापवून ठेवतो.”

हे खरं असू शकलं असतं. व्हॉल्व्हच्या तारा नुसत्या तापवून ठेवणारे शहाणे लोक तिने पाहिलेत. पण तारा नुसत्या तापलेल्या असताना, हवेत जाणारी ताकद दाखवणाऱ्या प्लेटच्या मीटरचा काटा झोपून राहतो, आणि हा काटा—तिने काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली—उभा होता. ताठ. गच्चीमागचा प्रक्षेपणाचा मनोराही अजून उभा होता, ती गाडी लावताना त्याच्या लोखंडाचं वजन मनातल्या मनात करूनच आत आली होती.

“काका, हे हवेत आहे. हे आत्ता हवेत आहे!”

“हळू बोल,” काका म्हणाले. आणि नंतर, ओशाळून, “इथलं आत ऐकू जात नाही म्हणा. पण हळू बोल.”

खिशात फोन थरथरला. गिऱ्हाईक. समुद्रापलीकडचा, बोटीने यंत्र नेणारा, आणि त्याचा सकाळपासून एकच प्रश्न : चालू स्थितीत आहे का? धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न. चालू असेल तर यंत्र, नसेल तर भंगारातलं तांबं. तिने फोन उचलला नाही. भिंतीच्या खुंटीवर ऐकण्याचे जुने कान, हेडफोन, लटकत होते, रबर वाळून तडकलेलं. तिने ते डोक्यावर चढवले—काय जातंय तरी काय?

काहीच नाही.

पण हे काहीच-नाही तिच्या ओळखीचं होतं. रेडिओचा काटा रिकाम्या जागी नेला तर खरखर येते, तेलात पाणी पडल्यासारखी. आणि स्टेशन चालू असून कुणी बोलत नसेल तर ती खरखर दबते, खाली बसते, एक मऊ, भरलेली शांतता येते. घरी दुपारी बाबांच्या खाटेशेजारच्या रेडिओतून हीच शांतता येते. अर्धांगाचा झटका आल्यापासून गावाचा तो लाडका आवाज घशात कुठेतरी मोडून पडलाय, आणि ते रोज दुपारी डाव्या हाताने त्याच जुन्या जागी काटा नेऊन ठेवतात. “म्हातारा मेलेलं स्टेशन ऐकतो,” आई म्हणते, “आम्ही जिवंत होतो तेव्हा वेळ नव्हता.” आणि चपला घालून गुडघ्याच्या व्यायामाला निघून जाते. तिला आठवलं, मी एकदा काटा फिरवून बाबांना गाणी लावून दिली होती, मोठी दयाळू मी, तर त्यांनी त्याच डाव्या हाताने माझ्या मनगटावर फटका मारला... मला वाटलं, डोकंही गेलं. मला! व्हॉल्व्हचा दोष कानाने ओळखते म्हणून मिरवणाऱ्या बाईला दबलेली खरखर ऐकू आली नाही.

कानात खुर्ची करकरली. मग खोकला. एकदा कोरडा, एकदा गिळलेला.

तो खोकला ती कुठेही ओळखेल. लहानपणी तोच खोकला स्वयंपाकघरातून यायचा, त्याचा अर्थ असायचा—ऐकतेय हं मी.

लांब वायर ओढत, एक कान सरकवून ती निघाली; स्टुडिओच्या काचेपर्यंत चार पावलं होती की चाळीस, तिला कळलं नाही. काचेपलीकडे, स्टुडिओत, लाल दिव्याखाली आई बसली होती. मायक्रोफोनसमोर. पिशवी मांडीवर, चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या, ओठ मिटलेले.

“त्या नाही बोलत,” काका मागून म्हणाले. “एक शब्द नाही. बसतात, मग उठून जातात. मी म्हटलं, वहिनी, निदान हॅलो तरी म्हणा. तर म्हणाल्या, तुम्ही तुमचा फ्यूज सांभाळा.”

“मला का नाही सांगितलंत?”

“त्याच म्हणाल्या. लेकीला सांगू नका, ती लगेच किंमत लावेल.”

हसू आलं. खरंच आलं.

किंमत. लावते ना. लाव की आता. एक माणूस सगळ्या गावाशी बोलला, शेतातल्या, दुकानातल्या, दवाखान्यातल्या माणसांशी, रडणाऱ्या बायकांची पत्रं वाचताना स्वतः रडला. आणि घरी आला की चहा हवा असला तर कपावर चमचा वाजवायचा. तोंड उघडायचा नाही. आई म्हणायची, “अहो, सगळा गाव ऐकतो तुम्हाला, मला एखादं वाक्य द्या की उसनं!” चमचा. टण्. आणि मी त्यांच्या बाजूची. आवाज दमतो, आई, कळत कसं नाही तुला! कजाग म्हणायचे मी तिला. मनात नाही, तोंडावर.

मग हे काय चाललंय? सूड? जे त्याने तिला घरात दिलं तेच ती त्याला हवेतून परत देतेय, सव्याज, सगळ्या गावावरून, घे, ऐक आता तू... की ती त्याची जागा राखतेय, स्टेशन मेलं नाही एवढंच त्याला कळावं म्हणून, पाय दुखत असताना इतकं चालून... आणि त्याला माहीत आहे? तो खोकला त्यानेही ऐकला असणार. परवा दुपारी बाबांचा चेहरा भिजलेला होता—पण झटक्यापासून एक डोळा तसाही गळतोच, आणि अर्धं तोंड हसतं की रडतं ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

हे यंत्र विकलं की उद्यापासून त्या खाटेशेजारी खरखर. नुसती खरखर. मी आणणार ती. हा धंदा मी बाबांसाठी उभा केला असं लोकांना सांगत आले मी.

आईने वर पाहिलं. काचेतून सरळ तिच्याकडे. दचकली नाही. तिने फक्त लाल दिव्याकडे नजर नेली—चालू आहे—आणि परत मायक्रोफोनकडे वळली, जणू लेक नव्हे, अवेळी आलेला कुणी पाहुणा.

फोन पुन्हा थरथरला. चालू स्थितीत आहे का? आहे का? तिने खिशावर हात दाबून धरला, लहान पोराचं तोंड दाबावं तसा.

कानात शांतता होती, मऊ, भरलेली. ती ऐकत राहिली, राग आहे की दुसरं काही ते ओळखायला, एरवी एका गुणगुणीवरून कुठला व्हॉल्व्ह मरतोय ते सांगते ती. इथे तिला काहीच सांगता येईना. मग आईने श्वास घेतला. खोल. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा.

नको, तिच्या मनात आलं. आई, नको. बोलू नकोस, बोललीस की ठरून जाईल, राग की दुसरं काही... आणि आपण हे कुणासाठी मागतोय ते न कळून तिने स्वतःचाही श्वास धरून ठेवला.