जिराफाची मान

मी कामावरून आले तेव्हा वन्सं दार उघडं टाकून जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. माझ्या हातातली पिशवी त्यांनी ओढूनच घेतली आणि म्हणाल्या, "चपला मागून काढ. आधी जिराफ बघ."

जिराफ म्हणजे शाळेने खारूला दिलेल्या त्या ऑनलाइन अभ्यासाच्या पडद्यावरचा. खारू म्हणजे आमची मुलगी. लहानपणी प्रत्येक घास गालात साठवून ठेवायची, म्हणून खारूताई, आणि मग नुसतीच खारू. पाचवीचं वर्ष सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा ती सायकलवरून पडली. मांडीचं हाड मोडलं, एकदा जोडलं, नीट बसलं नाही म्हणून पुन्हा जोडलं. जवळजवळ सगळं वर्ष अंथरुणातच गेलं. शाळेने सांगितलं होतं की घरी बसून गणिताचे धडे पडद्यावर करू देत. महिन्याभराने मोठ्या बाई आणि वर्गाच्या बाई समोरासमोर बोलून बघतील. जमलं तर तिच्या वर्गाबरोबर सहावीत, नाही तर पुन्हा पाचवी.

धडे सुरू करण्याआधी एक ओळख-चाचणी असते. सोपी गणितं, मग जरा अवघड, मग आणखी. मूल जिथे अडतं तिथून ते धडे सुरू होतात. एका उंच झाडावर इयत्ता लिहिलेल्या असतात आणि बरोबर उत्तर आलं की खाली उभ्या जिराफाची मान तसतशी वर जाते.

मी पाहिलं तेव्हा जिराफ सातवीची पानं खात होता.

खारू खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर. शेजारणीचं मांजर आपल्या घरात शिरल्यावर बघावं तशी त्या जिराफाकडे बघत होती. वन्संनी तोवर भावाला फोन लावला होता. खारूचा बाबा दूर एका पुलाच्या कामावर असतो, महिन्यातून एकदा येतो. तो फोनवर हसत सुटला. म्हणाला, बरं झालं, हाड पायाचंच मोडलं. वर्गाच्या बाईंचाही निरोप आला, की आश्चर्य वाटलं आणि फार आनंद झाला.

मलाही झाला, का होऊ नये? फक्त मी एकदा म्हटलं की अंथरुणात पडून पडून सातवी कशी काय गाठली हिने. त्यावर वन्सं म्हणाल्या, हुशारी काय पायात असते? आणि आम्ही सगळ्या हसलो. खारू सोडून, हे मला पुढे आठवलं.

दुसऱ्या दिवसापासून सातवीचे धडे आले. शून्याच्या खालचे आकडे, आकड्यांच्या जागी अक्षरं. उत्तर चुकलं की जिराफ मान खाली घालतो आणि 'घाई नको, पुन्हा बघ' असं गोड आवाजात म्हणतो. तो आवाज माझ्या कानाला छान वाटायचा. खारू मात्र तो ऐकला की फ्रॉकची कॉलर चावायची. कॉलरींची भोकं बुजवताना मी तिला रागवायचे.

मग तिचा पाय दुखायला लागला. रोज दुपारी, धड्याच्याच वेळेला. मी रजा टाकून तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय वाकवून बघितला, तिला खोलीभर चालवलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हाड छान जुळलंय. दुखत असेल तर ते दुसरीकडे कुठेतरी दुखतंय. म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही घाईत होते.

शिवाय जिराफाची मान वरच होती. रोज संध्याकाळी हिरव्या खुणांची नवी रांग दिसायची. मी घरी आले की आधी ती मान बघायचे आणि मग पोरीचं तोंड.

मोठ्या बाईंशी बोलायच्या आदल्या दिवशी आमच्या चष्म्याच्या दुकानातलं काचा घासायचं यंत्र बंद पडलं आणि मालकांनी दुपारीच सोडलं. मी किल्लीने दार उघडून आत आले. खारू भिंतीकडे तोंड करून झोपली होती. वन्सं टेबलाशी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत धरून गणित सोडवत होत्या. त्यांनी उत्तरावर टिचकी मारली आणि जिराफ आनंदाने डुलला.

त्यांनी मान वळवली. मी पिशवी खाली ठेवली.

"तिचा पाय दुखत होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आजच्या दिवस."

"आजच्याच?"

भिंतीकडून आवाज आला, "रोज. पहिल्या दिवसापासून."

मग सगळं बाहेर आलं. चाचणीला खारू एका भागाकारावर अडली तेव्हा वन्सं मागे उभ्या होत्या. त्या पोस्टात सकाळच्या पाळीला काउंटरवर असतात, आकडे त्यांच्या बोटांवर नाचतात. एक उत्तर त्यांच्या तोंडून निसटलं. मान वर गेली. खारू हसली, कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून त्यांनी दुसरंही सांगितलं. मग खारू नुसतं बोट ठेवायला उरली. सातवी आली तेव्हा दोघीही घाबरल्या होत्या, पण तोवर फोन लागला होता आणि बाईंचा निरोपही आला होता.

मी त्यांना दुकानातलं सांगितलं. काही गिऱ्हाइकं अक्षरांच्या तक्त्याला परीक्षेसारखी भितात. बाकावर बसल्या बसल्या रांगा पाठ करतात, झाकलेल्या डोळ्याने बोटांच्या फटीतून बघतात आणि सगळं बरोबर वाचल्याच्या खुशीत घरी जातात. आठवड्याने डोकं धरून परत येतात. "वन्सं," मी म्हटलं, "तुम्ही तिला तुमच्या नंबरचा चष्मा लावलात."

"तुझा चष्मा राहू दे." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "खाली बसणं काय असतं ते मला विचार."

सहावीत कावीळ होऊन त्या खाली बसल्या होत्या, म्हणजे तोच वर्ग पुन्हा, हे मला माहीत होतं. धाकटा भाऊ पुढच्या वर्षी सहावीत आला आणि दोघं एका वर्गात बसले, हेही घरात हसत हसत सांगितलं जायचं. हसायचा तो माझा नवरा. वन्संना त्यावर हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला त्या दुपारपर्यंत कधी जाणवलंही नव्हतं.

उद्या सकाळी बाई पडद्यावर येणार होत्या. आम्ही दोघींनी मिळून एकेक बटण दाबून पाहिलं. चाचणी पुन्हा द्यायची सोय फक्त शाळेच्या हातात होती. मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला की उद्याचा दिवस कसाबसा काढा, पुढे शिकेल ती. वन्संनी तर मोजमापही करून ठेवलं होतं. स्टूल खिडकीशी ठेवलं की कॅमेऱ्यात येत नाही, पण खारूला नीट दिसतं. तिथून बोटांनी उत्तरं दाखवायची.

मी त्या स्टुलाकडे पाहिलं. तिरपं होतं, ते मी पायाने सरळ केलं. का केलं, ते मला सांगता येणार नाही.

खारू उठून बसली होती. ती म्हणाली, "आत्याने बोटं दाखवली आणि बाईंनी विचारलं, कसं केलंस, तर?"

आम्हा दोघींनाही हे सुचलं नव्हतं.

"आणि नाही दाखवली तर मी पाचवीत."

तेही खरं होतं. ठरलं काहीच नाही. आम्ही जेवलो, भांडी घासली, आणि कोणी कुणाला विचारलं नाही की उद्या काय.

सकाळी मी खारूची वेणी इतकी घट्ट घातली की तिच्या भुवया वर गेल्या. ती पडद्यासमोर बसली. मी तिच्या डाव्या हाताला, चौकटीच्या बाहेर. वन्सं स्टुलावर. पोस्टाची पाळी त्यांनी कुणाबरोबर तरी बदलून घेतली होती आणि कामावर नेसतात ती इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या.

पडद्यावर दोन चेहरे आले. वर्गाच्या बाईंनी पायाची चौकशी केली. मोठ्या बाई म्हणाल्या की प्रगती बघून फार बरं वाटलं, आता एकच गणित सोडव आणि करता करता मोठ्याने सांग. गणित आलं. मी वाचलं. मलाही ते लगेच सुटलं नसतं.

खारूने ते वाचलं आणि तिची नजर खिडकीकडे गेली. वन्संनी मांडीवरचा हात उचलला. तीन बोटं, मग मूठ, मग पुन्हा तीन.

खारूने ती पाहिली. पंखा फिरत होता. बाईंनी विचारलं, आवाज येतोय ना? ती म्हणाली, येतोय. तिचा कान लाल झालेला मला इथून दिसत होता. मी बोलायला हवं होतं. तोंडात शब्द होतेही, पण मला वाटत होतं की ती अजून उत्तर देईल, आणि त्याहून वाईट म्हणजे, मला ते हवं होतं.

खारूने खुर्ची सरकवली. जराशीच, पण आता खिडकी तिच्या पाठीकडे गेली.

"बाई, हे मला येत नाही."

"अगं, असंच गणित काल केलंस की तू. इथे दिसतंय मला."

खारूने कॉलर तोंडात घेतली. बाई पडद्याजवळ झुकल्या आणि म्हणाल्या, घाबरू नकोस, पहिली पायरी सांग. मोठ्या बाई काहीतरी लिहू लागल्या.

स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला. वन्सं आल्या आणि कॅमेऱ्यासमोर इतक्या वाकल्या की पलीकडे त्यांची फक्त हनुवटी आणि पदराचा काठ दिसत असावा.

"काल मी सोडवलं. पहिल्या दिवसापासून मीच सोडवतेय. पोरीचा यात काही दोष नाही."

मोठ्या बाईंनी लिहिणं थांबवलं. "आपण कोण?"

"आत्या."

"कुणाची?"

"हिचीच. आणखी कुणाची असणार?" वन्सं म्हणाल्या, आणि लगेच, अगदी काउंटरवरच्या आवाजात, "माफ करा."

मग मी चौकटीत गेले आणि म्हटलं की मला कालच कळलं होतं आणि तरी आम्ही हे स्टूल मांडून बसलो होतो. मोठ्या बाईंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग त्या म्हणाल्या की आधीचं सगळं पुसू, चाचणी आत्ता इथेच आमच्यासमोर होईल, आणि मोठ्या माणसांनी कृपा करून खोलीबाहेर जावं.

आम्ही दोघी जिन्यावर जाऊन बसलो. दार लावलेलं. आतून जिराफाचं ते सुरुवातीचं गाणं आलं आणि मग शांतता.

"भागाकारात ती मधलं शून्य विसरते," वन्सं कुजबुजल्या. "नुसतं एवढं सांगून येऊ का?"

मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं नाही. आत जिराफ एकदा 'घाई नको' म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. मी मोजायचं नाही असं ठरवलं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले, आम्हाला तशा बसलेल्या बघून काही झालंय का म्हणून विचारू लागले. वन्संनी त्यांना हळू बोला म्हणून सांगितलं.

दार उघडलं. खारू चौकट धरून उभी होती.

"चौथी," ती म्हणाली. "चौथीच्या शेवटी मान थांबली. मोठ्या बाई बोलावतायत."

मोठ्या बाई रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे त्यांचं म्हणणं जास्त लागलं. सहावीत बसवणं हा तिच्यावरच अन्याय होईल, त्या म्हणाल्या. पाचवी पुन्हा. वर्गाच्या बाई खारूला म्हणाल्या की 'येत नाही' असं पडद्यावर सांगायला मोठ्या मुलांनाही जमत नाही, आणि सुट्टीभर धडे चालू राहतील, शाळा उघडेपर्यंत ती बरीच वर चढलेली असेल. खारू मान डोलवत होती. पडदा बंद झाल्यावर ती रडली. तिच्याच बाकावर बसणारी, वर्षभर रोज निरोप पाठवणारी मैत्रीण आता वरच्या मजल्यावरच्या वर्गात जाणार होती. मी तिला पोटाशी धरलं. वन्सं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पोरीच्या डोक्यावर मात्र त्यांनी तो हात ठेवला नाही.

दुपारी खारूने आपणहून लॅपटॉप उघडला. वन्सं पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आत्या, तुला मुलं चिडवायची का?"

"चिडवायची."

"रोज?"

"आधी रोज. मग त्यांना कंटाळा आला."

खारूने यावर विचार केला. तिला ते पटण्यासारखं वाटलं असावं. तिने पहिलं गणित उघडलं आणि सवयीने मोठ्याने वाचलं. भागाकारच होता. मधे शून्य येणारा. पेन्सिल कागदावर टेकली, थांबली, खोडरबर फिरलं.

वन्संच्या हातातली घडी अर्धवट राहिली. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी सगळे कपडे तसेच छातीशी गोळा केले, दुसऱ्या खोलीत गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.