आठवं नाव

मनकर्णेनं दाराशी चपला काढल्या, पदर कपाळापर्यंत ओढला आणि पोटावर हात दाबत ती डॉक्टरीणबाईंसमोर बसली. परभणीला येताना एसटीत नवऱ्यानं, सुग्रीवनं, बजावलं होतं, "दुखणं वाढवून सांग. जास्त रडंल त्यालाच सरकार देतंय." दुष्काळी कामाच्या वेळी तसंच झालं होतं. तो आता बाहेर थांबला होता. तिच्या शेजारी सासू, वच्छलाबाई, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

"अंगावरून कधीपासून जातंय?"

"दोन वरसं झाली, बाई."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी तपासणीचा कागद पुन्हा वाचला.

"दोन वर्षं? मग कॅन्सर आत पसरलेला असणार. यंदा औरंगाबादला विजेचा शेक घ्यायला जिल्ह्यातून आठच बायका पाठवायच्यात. बऱ्या होतील अशाच निवडा, असा वरून हुकूम आहे. सात नावं झाली. बाकीच्यांना नुसत्या दुखण्याच्या गोळ्या."

मनकर्णेनं पोटावरचा हात काढून घेतला. आता शब्द फिरवला, तर कोण खरं मानणार?

"खोटं बोलायलीय ती," वच्छलाबाई फटकन म्हणाल्या. "दोन वरसं सून आजारी, अन् सासू काय झोपली व्हती? पंचमीला झोक्यावर समद्यांत उंच हीच गेलती! पोळ्यापासनं चालू हाय."

"कशावरून?"

वच्छलाबाईंचा आवाज उतरला.

"कडब्याच्या आड धडुती लपवती. मीच धुवायलेय, बाई."

मनकर्णेनं मान वर केली. लपवलेली धडुती धुऊन, वाळून, घडी होऊन जागच्या जागी सापडायची. नणंदेचं काम असेल, असं तिला वाटायचं.

"तपासणीतही सुरुवातीचंच दिसलं होतं," म्हणत डॉक्टरीणबाईंनी आठवं नाव लिहिलं. "उद्याच्या गाडीनं निघा. दीड महिना राहावं लागेल."

बाहेर लिंबाखाली सुग्रीवला सगळं कळलं, तशी त्यानं टोपी काढली. टोपीनं तोंड पुसत राहिला.

"आत्या," मनकर्णा सासूला हळूच म्हणाली, "ह्यांला तर ऊसतोडीला जायचंय. दीड महिना माझ्यापाशी कोन ऱ्हाईल?"

"आधी जेव, दोन वरसाचे आजारी!"

हसू दाबत वच्छलाबाईंनी पिशवीतून भाकरीचं गाठोडं काढलं. पिशवीच्या तळाशी त्यांची दोन लुगडी होती, नीट घडी घातलेली, आणि मिसरीची डबी.