नागाचं दूध आणि सातवीचं पुस्तक

वामनराव गुरुजींनी सातवीचं शास्त्राचं पुस्तक वाचायला दिलं, तेव्हापासून तानुबाईला घर नव्यानं दिसू लागलं. न्हाणीतला बेडूक उभयचर, भिंतीवरची पाल सरपटणारी, कोंबडी पक्षी, गोठ्यातले बैल सस्तन. पाठीचा कणा सगळ्यांना. नवऱ्यानं दुसरी केल्यावर ती डोणगावला भावाकडे आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. भाकर मिळे, बोलायला कोणी नसे. बाहेरून परीक्षेला बसायचं, सातवी पास व्हायचं, मास्तरीण होऊन आपली चूल मांडायची, एवढाच तिचा बेत.

सस्तनांच्या एका ओळीवर मात्र ती अडली. अंगावर केस, रक्त गरम, मादी पिलांना दूध पाजते. पहिल्या दोन खुणा ठीक. तिसरी नव्हती, तिच्यापायीच तर घरात सवत आली होती.

शेवटी तिनं गुरुजींना विचारलंच. "पिलू झालंच नाई तं? मंग कोन्त्या वर्गात?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. गरजेपेक्षा जास्तच पुसला. "वर्ग बदलत नाही, बाई. तोच राहतो."

अट न घालता तिला कशात तरी धरणारं हे पहिलंच कोणी. घरी येताना रस्त्यातल्या म्हशीकडेसुद्धा तिनं ओळखीनं पाहिलं.

त्या आनंदातच घोटाळा झाला. नागपंचमीला बाया वारुळापाशी जमल्या. भावजय अन्नपूर्णेनं लाह्या वाहिल्या, दुधाची वाटी ठेवली. "आपन गेल्यावर पेते बरं नागोबा."

तानुबाई बोलून गेली, "साप कायचा दूध पेते, वैनी! तो सरपटणाऱ्यातला. त्याच्या मायनं त्याले पाजलंच नाई कदी, त्याले चव काय मालूम?"

कोणी हसलं नाही. नागाला भाऊ मानून आदल्या दिवशी साऱ्यांनी भावासाठी उपास केला होता.

"मंग कालचा उपास कोनासाठी धरला व तुमी?" अन्नपूर्णा म्हणाली.

दिवेलागणीला ते शालिग्रामच्या, तिच्या थोरल्या भावाच्या, कानावर गेलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माह्यासाठी उपास धरतं, अन् नागाले खोटं पाडतं, ताने? सकाळी वारुळावर जाय. बायाईले सांग, दूध पेलं म्हनून. नाई तं परीक्षा राहू दे."

परीक्षा मेहकरला. तिथं उतरायचं शालिग्रामच्या सासरी. त्यानं नेलं तरच. एकट्या बाईला दारात कोण उभं करणार?

सकाळी वाटी काठोकाठ होती, वर मुंग्या तरंगत होत्या. तानुबाईनं दूध बाभळीच्या मुळाशी ओतलं आणि रिकामी वाटी बायांना दाखवली. "पेलं."

अन्नपूर्णेनं हात जोडले. तानुबाईनंही जोडले. कोणाला, ते तिलाही कळलं नाही.

पोळा झाल्यावर शालिग्रामनं तिला मेहकरला नेलं. शब्दाचा पक्का. प्रश्नपत्रिकेत साप होताच: वर्ग सांगा, लक्षणे लिहा. तिनं खवले लिहिले, थंड रक्त लिहिलं, अंडी लिहिली. मग जरा थांबून, कोणी विचारलेलं नसताना, "दूध पीत नाही" हेही लिहिलं.

परतीच्या मोटारीत शालिग्रामनं विचारलं, "काय आलं होतं?"

"साप."

"काय लिवलं?"

आता खोटं बोलून मिळवायचं काही उरलं नव्हतं. "खरं होतं ते लिवलं, दादा. तवाची वाटी म्या ओतली होती."

तो उठला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या मानेवरचे पिकलेले केस तिनं प्रथमच इतक्या जवळून पाहिले. मेहकर मागं पडलं, ज्वारीची शेतं आली आणि गेली. डोणगावचं देऊळ दिसायला लागलं तेव्हा तो मागं न पाहता बोलला.

"पास झाली, तं मास्तरीण म्हनून कुठं टाकतीन तुले?"

"काय मालूम. उंद्रीकडं, नाई तं आनखी दूर."

"एकटी राहशीन?"

"हाव."

"भेव नाई वाटनार तुले?"

"वाटन," ती म्हणाली.

मोटार थांबली. शालिग्रामनं तिची पिशवी उचलली आणि तो पुढं चालू लागला.