गोदाबाईंचं आडनाव

मी एक जुनी कादंबरी आहे. मित्रांनो, जुनी पुस्तकं बहुतेक रडगाणं गातात. मी गाणार नाही. मला भांडायचं आहे, आणि तेही माझ्याच लेखकाशी!

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मला छापलं, दोऱ्याने शिवलं, वर लाल कापडी पुठ्ठा चढवला. पुढे बदली झालेल्या एका अधिकाऱ्याच्या ट्रंकेतून मी सुरतेला आले आणि इथल्या मराठी वाचनालयाच्या काचेच्या कपाटात मानाने बसले. काय कौतुक व्हायचं माझं!

माझा लेखक आडनावं फार हुशारीने निवडायचा. नायकाला त्याने केलं इनामदार. आडनाव वाचताच कळावं, घराण्याला कधीकाळी जमिनी बक्षीस मिळाल्या होत्या. कारभारी चिटणीस, म्हणजे पिढीजात लेखणीवाले. गरीब कारकून मात्र ठिगळे. त्याने तोंड उघडण्याआधीच वाचकाने हसावं ना! आणि इनामदारांची लेकरं मांडीवर वाढवणारी मोलकरीण? ती नुसती गोदी. तीनशे बारा पानं राबली बिचारी, पण तिला आडनाव नाही. साठ वर्षांत एकाही वाचकाने विचारलं नाही. खरं सांगते, मलाही सुचलं नव्हतं.

मग घरोघरी केबल टीव्ही आला आणि मी धूळ खात पडले. शहाण्णव साली मला घरी नेलं ते सरलाबाईंनी. त्या खानदेशातून आलेल्या, सुरतेतल्याच नवागाम वस्तीत राहायच्या. नवरा उखा कापड विणायच्या लूमवर कामाला, त्या घरी बसून साड्यांना टिकल्या लावायच्या. एक साडी संपली की दोन पानं वाचायच्या. शेवटचं पान झालं आणि त्या पुन्हा मागे गेल्या, गोदी पहिल्यांदा येते तिथे.

"या पुस्तकमा एक बाई शे," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तिले आडनावच नही."

"मंग तू दी टाक!" उखा हसला.

सरलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन घेतलं, 'गोदी' खोडलं आणि वर लिहिलं, 'गोदाबाई अहिरे'. अहिरे हे त्यांच्या माहेरचं आडनाव.

वाचनालय सांभाळणारे सुधाकरराव बँकेतून निवृत्त झालेले. पुस्तकांवर त्यांचा भारी जीव. मी परत आले तेव्हा ते पान बघून त्यांचा पारा चढला.

"हे काय करून ठेवलंस, सरला? कार्ड दे इकडे. तुझं सभासदत्व बंद!"

या बाईला मराठी पुस्तक मिळायचं ते फक्त इथेच.

सरलाबाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं. "घ्या. पण काय लिहिलंय ते आधी वाचा, भाऊ."

"सरला, नवागाम."

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"आता तुमच्या सभासदांच्या वहीतलं माझ्या वरचं नाव वाचा."

"सौ. रजनी मधुकर कुलकर्णी," सुधाकररावांनी वाचलं आणि त्यांचा आवाज खाली आला.

"फॉर्मवर मीही पूर्ण नाव लिहिलं होतं. सरलाबाई उखा बागूल. या लेखकाने साठ वर्षांपूर्वी जे केलं, तेच तुम्ही मागच्या वर्षी केलं. आता मला काढायचं असेल तर पूर्ण नावाने काढा!"

शाब्बास, बाई! मला टाळ्या वाजवता येत नाहीत याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

सुधाकररावांनी नवं कोरं कार्ड काढलं, आडनावासकट नाव लिहिलं आणि म्हणाले, "बसा, सरलाबाई. चुकलं माझं." सवयीने त्यांनी शाई खरवडायला ब्लेड उचललं. सरलाबाईंनी पानावर हात ठेवला. "माझं लिहिलंत, आता तिचं राहू द्या." ब्लेड पुन्हा खणात गेलं.

मित्रांनो, पुस्तकं जपा. कोपरे दुमडू नका, ओल्या हाताने धरू नका. पण आम्ही छापलेलं सगळंच मुकाट्याने मान्य करू नका. इनामदारांना वाटेल तो मान द्या, माझं काही म्हणणं नाही. ठिगळ्यांना मात्र हसण्याआधी जरा थांबा. आणि मला वाचायला घ्याल तेव्हा त्या बाईंना गोदाबाई म्हणा. गोदी म्हटलेलं मला यापुढे खपणार नाही.