मिरीच्या डोळ्यांत डोकावलेले भिंग

मित्रांनो, भिंग म्हटले की तुम्हाला उन्हात कागद जाळण्याचा खेळ आठवेल. मी त्यातले नव्हे. मी डोळ्यांच्या डॉक्टरांचे एक जुने भिंग आहे. तळहातावर मावेन एवढे गोल, दोन्ही अंगांनी फुगीर, कडेला काळी पट्टी. माझ्यातून पाहिले की सगळे उलटे दिसते. वरचे खाली आणि डावे उजवीकडे. डॉक्टर ते मनातल्या मनात सुलटे करून घेतात.

माझा जन्म कारखान्यातला. मला चाकावर कितीतरी दिवस घासले, धुतले, पुन्हा घासले. शेवटी जाड चष्मा लावलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला खिडकीपाशी धरले. समोरची इमारत माझ्यात डोके खाली, पाय वर करून उभी राहिली. "छान निघालंय," तो म्हणाला, "जपून बांधा रे." कौतुकाचे ते पहिले शब्द मी विसरले नाही.

पुढे मी एका डॉक्टरबाईंच्या हाती आले. त्या लहान बाळांचे डोळे तपासत. कपाळावर दिवा बांधायचा, मला दोन बोटांत धरायचे आणि बाळाच्या डोळ्यापासून दोन-तीन बोटांवर आणायचे. मग बाहुलीतून आत गेलेला उजेड डोळ्याच्या तळाचा पडदा माझ्यात उमटवायचा. नारिंगी, ओलसर पडदा. त्यावर तांबड्या रेघा, रोपाची मुळे कुंडीत पसरावीत तशा. त्या रक्तवाहिन्या. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या रक्तवाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचलेल्या असतात. घाईने जन्मलेल्या बाळाच्या मात्र अर्ध्या वाटेवरच असतात. उरलेली वाट त्यांना बाहेर, काचेच्या पेटीत चालावी लागते.

बहुतेकांच्या नीट पोचतात. काहींच्या वाट चुकतात. त्या फुगतात, नागमोडी होतात, नको तिथे फुटतात, आणि शेवटी पडदाच ओढून सोडवतात. पडदा सुटला की दृष्टी गेली. हे सगळे आवाज न करता चालते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, बाळ रडत नाही. मित्रांनो, मला भीती वाटते ती या गुपचूपपणाची.

दुसऱ्याच वर्षी एक गृहस्थ घाईने जन्मलेल्या, अकरा महिन्यांच्या मुलाला कडेवर घेऊन आले. "खुळखुळा वाजवला की वळतो," ते म्हणाले, "पण नुसता समोर धरला तर बघतच नाही." बाईंनी मला धरले. उजेड आत गेला आणि पांढऱ्यावर आपटला. बाईंनी मला सरकवले, तिरके केले, दुसऱ्या डोळ्यावर नेले. तिथेही पांढरेच. एकही तांबडी रेघ नाही. पडदा कधीच सुटला होता.

"जन्मल्यावर महिन्याभरात डोळे तपासले होते का?"

"कोणी सांगितलंच नाही हो. वजन वाढलं, घरी न्या म्हणाले."

बाईंनी मला खाली ठेवले, पण त्यांचा हात माझ्यावरून बराच वेळ उठला नाही. त्या दिवसापासून त्या प्रत्येक बाळाची पुढची तारीख स्वतः लिहून आईच्या हातात देऊ लागल्या.

मग मिरी आली. तीन महिने आधी जन्मलेली, एक किलोसुद्धा नाही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मिरीएवढी आहे, पण रडते बघा किती झणझणीत!" नाव चिकटले ते चिकटले. तिची आई शाळेचे गणवेश शिवायची, वडील बस चालवायचे. आई रोज पेटीजवळ बसायची आणि मिरीच्या प्रत्येक श्वासाबरोबर स्वतः श्वास घ्यायची.

पहिल्या दोन तपासण्या बऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी मिरी रडता रडता एकाएकी गप्प झाली. ओठ निळे पडले. छाती हलेना. मी बाईंच्या बोटांत तसेच अधांतरी राहिले. सिस्टरांनी तळपाय चोळले, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा धरला. काही क्षण गेले असतील. माझ्यासाठी ते संपतच नव्हते. मग मिरीने श्वास ओढला. दाराच्या काचेपलीकडे तिची आई उभी होती. तिने सगळे पाहिले होते.

आणि मी काय पाहिले होते? रेघा मधेच थांबल्या होत्या आणि थांबल्या तिथे एक फिकट कड उठली होती.

"पुढच्या गुरुवारी बघायलाच हवं," बाई म्हणाल्या, "चुकवू नका." आईने मान हलवली, पण तिची नजर माझ्यावर होती. एखाद्या विंचवाकडे बघावे तशी.

मंगळवारी मिरी घरी गेली. गुरुवारी मी सकाळपासून स्वच्छ कापडावर तयार होते. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. बाईंनी फोन लावला. वडील बसवर होते, त्यांनी उचलला नाही. आईचा फोन बंद. शुक्रवारी पुन्हा बंद. तेव्हा बाईंनी मला डबीत घातले, डबी पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "सिस्टर, चला. आपणच जाऊ."

मी पहिल्यांदाच दवाखान्याबाहेर पडले. डबीत अंधार होता आणि बाईंची पावले भरभर पडत होती.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मिरीच्या थोरल्या मावशीने दार अर्धेच उघडले. "बाळ आत्ताच झोपलंय. सर्दी झालीय तिला. नंतर बघू."

"बसते मी. उठू दे तिला," बाई म्हणाल्या आणि शिलाई मशिनशेजारच्या स्टुलावर बसल्याच.

आई आतून आली. "मी नाही आणणार तिला," ती दारातूनच म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत गेली होती ती. तुम्ही परत आणलीत, कबूल. पण पुढच्या वेळी नाही आली तर?"

बाई रागावल्या नाहीत. "मीसुद्धा घाबरले होते त्या दिवशी. घरी जाऊन जेवले नाही."

"मग पुन्हा कशाला?"

"कारण आत काहीतरी वाढतंय. ते आपल्यासाठी थांबत नाही."

"पण डोळे बघा ना तिचे! किती स्वच्छ आहेत. खिडकीकडे टकामका बघते."

"बाहेरून मलाही काही दिसत नाही हो," बाई म्हणाल्या. त्यांनी मला डबीतून काढून पुढे केले. "हे घ्या हातात. एवढंच आहे. हे तिला शिवतसुद्धा नाही."

आईने मला घेतले. तिच्या बोटांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. तिने मला उलटसुलट फिरवले. मी निसटले. फरशीवर आपटले, घरंगळले, मशिनच्या पायाशी जाऊन थांबले. मावशीने तोंडावर हात नेला.

बाईंनी मला उचलून उजेडात धरले. कडेचा टवका उडाला होता, काच शाबूत होती. "असू दे," त्या म्हणाल्या. "फुटलं असतं तर दुसरं आणलं असतं."

आई पाळण्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी तिचे पाय धरून बसणार. बाहेर थांबणार नाही."

"बसा."

"आणि तो ऑक्सिजन आधीच लावून ठेवायचा."

"ठेवू."

मावशीने तेवढ्यात दुपटी पिशवीत कोंबलीसुद्धा. "उभ्या काय राहिलात? चला की!"

त्या दुपारी मी पुन्हा मिरीच्या डोळ्यावर आले. आईने तिचे पाय ओंजळीत धरले होते. मिरी रडली, खूप रडली, आणि ते रडणे चालू होते म्हणून आम्ही सगळे सुखी होतो. पण माझ्यात जे उमटले ते भयंकर होते. उजव्या डोळ्यात रेघा जाड होऊन गुंडाळल्या होत्या. डाव्यात कडेचा पडदा उचलायला लागला होता.

बाईंनी कपाळावरचा दिवा मालवला. "उद्या सकाळी पहिली हीच. लेझर करायचं."

शनिवारी सकाळी मिरीला भूल दिली. तिचे वडील ड्युटीच्या कपड्यांतच बाहेर उभे होते. लेझरचा प्रकाश माझ्यातूनच जाणार होता. एकेक ठिपका, शेकडो ठिपके, जिथे रेघा पोचल्या नव्हत्या त्या कोऱ्या भागावर. तो भाग भाजला की रेघांची वेडीवाकडी वाढ थांबते. माझ्यात सगळे उलटे. बाईंचे बोट तसूभर हलले असते, तर ठिपका दृष्टीच्या नेमक्या मध्यावर पडला असता. मी श्वास घेणारे असते तर रोखून धरला असता. दोन तासांनी बाई बाजूला झाल्या तेव्हा त्यांना मनगट वळवता येत नव्हते.

नंतरचा आठवडा मी डबीत काढला. डबीत काही कळत नाही, हेच भीतीचे खरे कारण असते.

आठवड्याने उजव्या डोळ्यातल्या रेघा बारीक झाल्या होत्या, निवळल्या होत्या. डाव्यातल्या पडद्याने मात्र ऐकले नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियाही केली. तो डोळा आता उजेड आणि सावल्या एवढेच ओळखतो.

"गुरुवारी आणलं असतं तर?" आईने विचारले.

बाई खोटे बोलत नसत. "सांगता येत नाही. कदाचित वाचला असता. कदाचित नसताही."

आई रडली नाही. तिने मिरीच्या टोपीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "मी आणलं नाही," ती म्हणाली.

"तुम्ही शुक्रवारी आणलंत," बाई म्हणाल्या. "उजवा डोळा त्या शुक्रवारचा आहे."

त्यानंतर मिरीची एकही तारीख चुकली नाही. चष्मा लागला. चालायला लागल्यावर ती डाव्या अंगाने दारांना धडकायची, मग मान वळवून बघायला शिकली.

आता बाळांच्या डोळ्यांचे फोटो काढणारे यंत्र आले आहे. मी खणात असते. महिनोन्महिने कोणी डबी उघडत नाही. त्याचे मला थोडे वाईट वाटते, पण यंत्र माझ्याहून अधिक बाळे पाहते, हे मी जाणते. खणात पडून माझ्या मनात येते ते दुसरेच. आजही कुठेतरी एक इवलेसे बाळ घरी निघाले असेल. सगळे त्याच्या वजनाचे कौतुक करत असतील. तारखेचा कागद पिशवीच्या तळाशी गेला असेल. आणि आत, आवाज न करता, रेघा वाट चुकत असतील.

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी बाळ असे घाईने जन्मले असेल, तर मोठ्यांना विचारा, "याचे डोळे तपासले का? पुढची तारीख कधीची आहे?" ते हसतील. म्हणतील, "बघ की, किती छान बघतंय!"

तेव्हा गप्प बसू नका. पुन्हा विचारा.