पहिली सुरी

संघप्रियाला पंपकिन पाय, म्हणजे भोपळ्याचं सारण भरून भाजलेला विलायती गोड पदार्थ, करायचा होता, पण पुण्याहून आणलेला डबाबंद भोपळा नुसता पाणचट निघाला. वैतागून ती शेजारच्या कडूबाईकडं गेली. "मावशी, तुमचा एक भोपळा द्या की!"

"घे की. पण चिरणार कोण? पहिली सुरी गडीमाणसानंच लावायची असती." नवरा गेल्यापासून कडूबाईचे भोपळे माळ्यावर तसेच पडून होते.

"आमच्यात असलं काय न्हाय," म्हणत संघप्रियानं भोपळा उभा चिरला.

संध्याकाळी ती गरम पंपकिन पाय घेऊन आली. दाट, केशरी घास तोंडात घेताना कडूबाईचे डोळे भरले. "लई उपकार झाले गं."

"अवो, भोपळा तुमचाच होता!"

"त्या सुरीचं म्हणतीय मी."

मागं चुलीवर घारग्यांसाठी भोपळा शिजत होता. तो कडूबाईनं स्वतः चिरला होता.