पाऊण मीटरचा अभ्रा

गणिताच्या सरांना शाळेत सगळे 'उलटे सर' म्हणत, अगदी शिपाईसुद्धा. पाठीमागे, अर्थात, तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. अपूर्णांकाने भागायचे असेल तर तो उलटा करायचा आणि गुणायचे, हे एकच वाक्य त्यांनी एकतीस वर्षे काना-मात्रा न बदलता सांगितले होते. 'का?' असे विचारणाऱ्याला ते म्हणत, "ते वरच्या वर्गात कळेल." वरचा वर्गही त्यांच्याकडेच असे.

निवृत्तीला वर्ष राहिले आणि नवा अभ्यासक्रम आला. त्याच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला सर शेवटच्या बाकावर बसले आणि ज्या ज्या गोष्टींसाठी ते मुलांना उभे करत आले होते, त्या सगळ्या त्यांनी पहिल्या तासातच उरकल्या.

"सर, आता रीत आपण सांगायची नाही," समोरचा कोवळा प्रशिक्षक म्हणाला. "मुलं आपापली शोधतील."

"आणि रीत चुकली तर?"

"उत्तर बरोबर आहे, मुलाला कारण सांगता येतंय. मग चुकली कशी म्हणायची?"

शेजारी बसलेल्या विज्ञानाच्या बाई कुजबुजल्या, "आपली आता रद्दीच, सर."

"रद्दीला निदान भाव असतो, बाई."

तेवढ्यात प्रशिक्षकाने मार्गदर्शिकेचे बेचाळिसावे पान उघडायला लावले. सहा मीटर कापड. एका उशीच्या अभ्र्याला पाऊण मीटर. तर अभ्रे किती? खाली नमुना उत्तर छापले होते. सहा लांब पट्ट्या, प्रत्येकीचे चार भाग, आणि तीन-तीन भागांभोवती काढलेली वेटोळी. वेटोळी आठ.

सरांच्या जांभया बंद झाल्या. हे चित्र त्यांनी पूर्वी एकदा पाहिले होते. पाहिले होते, आणि लाल शाईने आडवे छेदले होते.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वार्षिक परीक्षेत हेच गणित त्यांनी घातले होते आणि वर्गातल्या एका मुलीने ते पट्ट्या काढून सोडवले होते. उत्तर आठ, बरोबर. सरांनी 'पद्धत चुकीची' असा शेरा मारून शून्य दिले. मुलीला तेहतीस गुण पडले. पासाला पस्तीस लागत. मुख्याध्यापक म्हणाले, "दोन गुण वाढवून टाका हो, त्यात काय?" सर म्हणाले, "दुसऱ्या कोणाला वाढवले असते. ही माझी मुलगी आहे."

त्या बाणेदारपणाचे शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर कौतुक झाले. मुलीने मात्र पुन्हा त्याच वर्गात बसायला नकार दिला आणि शिवणकाम धरले. आता तिचे बाजारात दुकान होते. वडिलांचे सदरे तीच शिवायची. माप घेताना "हात वर", "वळा", एवढे बोलणे व्हायचे.

संध्याकाळी सर मार्गदर्शिका काखोटीला मारून थेट दुकानात गेले. मुलगी मशीनवर होती.

"सदरा उसवला का, बाबा?"

"नाही."

"मग आईला बरं नाही?"

"बरी आहे." सरांनी बेचाळिसावे पान तिच्यापुढे धरले. बेरकी पोराला प्रश्न विचारून कोंडीत पकडणारा माणूस, पण या वेळी त्यांना एक धड वाक्य जुळवता येईना. "हे... हे असं आता पुस्तकात आहे."

तिने पान पाहिले.

"माझ्या पट्ट्या याहून वाकड्या होत्या," ती म्हणाली.

"मी तेव्हा चुकलो. उलटा का करायचा ते मलाच माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

ती उठली, खिळ्याला अडकवलेला कागदी मापांचा जुडगा काढला आणि त्यातला सगळ्यात खालचा कागद ओढून त्यांच्यापुढे ठेवला. सदऱ्याच्या खिशाचे माप होते ते. कडा झिजलेल्या, कोपऱ्याला टाचणीची भोके. मध्ये पेन्सिलीच्या सहा पट्ट्या, वर लाल रेघ, आणि लाल शून्य.

"शिवणाच्या क्लासात पहिल्यांदा खिसा कापायला शिकवतात," ती म्हणाली. "घरून जाड कागद आणा म्हणाले. उत्तरपत्रिकेचा कागद जाड होता."

सरांना आपल्या छातीवरचा खिसा एकदम जड झाला. बावीस वर्षांतले सगळे खिसे याच मापाचे. त्यांनी त्यातून लाल पेन काढले, शून्यावर काट मारली आणि शेजारी दोन लिहिले. दोनच तर कमी पडले होते.

"दोन नाही," ती म्हणाली. "तीन गुणांचं गणित होतं ते, बाबा."

सरांनी दोनावर काट मारून तीन लिहिले.

"सही करा. खाडाखोडीवर सही लागते, तुम्हीच सांगायचात."

सरांनी सही केली. अक्षर पट्ट्यांपेक्षा वाकडे आले. तिने शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि माप जुडग्यात होते तिथेच, सगळ्यात खाली, परत अडकवले.

"अजून वापरणार ते?" सरांनी विचारले.

"मग?" ती मशीनवर बसत म्हणाली. "माप बरोबर आहे त्याचं."